चार नंबरचा शिक्का

मला ती कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारखान्यात ती कुणालाच आवडत नव्हती. पाठीमागे सगळे तिला कात्री म्हणायचे, आणि तिला ते ठाऊक होतं.

आमचा कारखाना फोनच्या चार्जिंग केबलचा. मी स्टोअर सांभाळायचो, म्हणजे वायरची रिळं, प्लग, खोकी, चाव्या सगळं माझ्या ताब्यात. कात्री तपासणीला होती. आधी नऊ वर्षं सोल्डरिंगच्या बाकावर बसून तिचे डोळे थकले, म्हणून तिला जिन्याखालच्या तपासणीच्या खोलीत बसवलं. त्या खोलीला खिडकी नव्हती. आत तीन यंत्रं, एकेकाला चार हात. यंत्राच्या लोखंडी हातात केबलचं टोक अडकवायचं, खाली अर्धा किलोचं वजन लटकवायचं आणि बटण दाबायचं. मग तो हात केबलला डावीकडे वाकवणार, उजवीकडे वाकवणार, मिनिटाला तीस वेळा. केबलमधून वीज चालू असायची आणि वर बारीकसा दिवा. दिवा विझला की समजायचं, आतली तार तुटली. किती वेळा वाकल्यावर तुटली तो आकडा शेजारी दिसायचा. आमच्या खोक्यावर ठळक छापलेलं असे, दहा हजार वेळा वाकवा, तुटणार नाही. दहा हजार व्हायला साडेपाच तास लागतात. तेवढा वेळ ही बाई स्टुलावर बसून दिव्यांकडे बघत राहायची.

केबल बहुतेक वेळा मानेत तुटते, म्हणजे प्लग संपून वायर सुरू होते तिथे. तुटलेली केबल कात्री मानेतच उभी चिरायची, आतल्या तारा सुईने सुट्या करून बघायची, आणि ज्या बाकावरून ती केबल आली त्या बाईसमोर नेऊन टाकायची. "हे तुझं काम," एवढंच म्हणायची आणि परत जायची. त्या बाईला ती केबल दिवसभर समोर ठेवावी लागे. दोघी-तिघी रडल्या होत्या. एकीने काम सोडलं. कात्रीने कधी कुणाला वर कळवलं नाही, पगार कापायला लावला नाही, हे खरं. पण गोड शब्दही कधी तिच्या तोंडून निघाला नाही.

तिची धाकटी बहीण आमच्याकडेच पॅकिंगची मुकादम होती. तिला कात्रीनेच शब्द टाकून नोकरीला लावलं होतं. धाकटीचा स्वभाव अगदी उलटा. डावखुरी, बोलकी, बारा बायकांना हसत खेळत कामाला जुंपणारी. दोघी एकाच इमारतीत राहायच्या. कात्री खाली, आईला घेऊन. धाकटी वर, नवरा आणि दोन मुलींसोबत. सकाळी दोघी एकत्र यायच्या आणि फाटकातून आत शिरल्या की धाकटी दोन पावलं मागे राहायची. बहिणीबरोबर दिसणं तिला परवडणारं नव्हतं.

त्या वर्षी उत्पादनाला नवे साहेब आले. आल्या आल्या त्यांनी वायर बदलली. बाहेरून जुन्या वायरसारखीच जाड, हाताला उलट जास्त मऊ. पहिलं रीळ आलं तेव्हा मी सवयीने हातात तोललं आणि हलकं लागलं. बोललो नाही. माझं काम आलेला माल ठेवून घ्यायचं.

नव्या वायरच्या पहिल्या लॉटमधून कात्रीने बारा नमुने घेतले. पहिला दिवा दोन हजार एकशे चाळीसला विझला. सगळ्यात चिवट केबल छत्तीसशेपर्यंत टिकली. जेवणाच्या सुट्टीआधी बाराच्या बारा दिवे गेले होते. तिने सगळ्या चिरल्या. जुन्या वायरमध्ये जितक्या तारा असायच्या त्याच्या निम्म्याही नव्हत्या, बाकी जागा नुसत्या दोऱ्याने भरलेली. तिने लॉटच्या कागदावर लाल रेघ मारली.

साहेब आधी म्हणाले, यंत्र बिघडलं असेल. मेकॅनिक आला, त्याने यंत्र उघडून बघितलं आणि ठीक आहे म्हणून सांगितलं. मग साहेब म्हणाले, अर्धा किलो फार होतं, लोक काही फोनला वजन बांधून चार्जिंग करत नाहीत, दोनशे ग्रॅम लावा. मी तेव्हा तिथेच यंत्राचे नवे स्क्रू द्यायला गेलो होतो.

कात्री म्हणाली, "वजन मी ठरवलेलं नाही. भिंतीवर लिहिलंय. आधी भिंतीवरचं बदला, त्याखाली तुमची सही करा, मग मी दोनशे लावते."

साहेबांनी सही केली नाही. बाहेर येऊन त्यांनी पॅकिंगच्या टेबलापाशी उभं राहून सांगितलं की लॉट अडकलाय, सबब या महिन्याचं जादा काम बंद, आणि कुणाला कारण हवं असेल तर जिन्याखाली जाऊन विचारावं.

कुणी विचारायला गेलं नाही. दुसऱ्या दिवशी कात्रीचं स्टूल गायब झालं. तिने उभ्याने काम केलं. तिसऱ्या दिवशी तिच्या पाण्याच्या बाटलीत सोल्डरची राळ निघाली. ती जेवायला बसली की आजूबाजूच्या चार खुर्च्या रिकाम्या होत. मीही माझा डबा स्टोअरमध्ये खायला लागलो. मग एका दुपारी तिच्या खोलीची कडी कुणीतरी बाहेरून लावली. तीन यंत्रांच्या आवाजात तिचं दार ठोठावणं ऐकू आलं नाही, किंवा ज्यांना आलं त्यांनी ऐकलं नाही. सव्वा तासाने सफाईवाली बाई तिकडून गेली म्हणून ती सुटली. घामाने चिंब झाली होती. सरळ पॅकिंगला गेली, सगळ्या बायकांच्या तोंडाकडे एकेक करून बघितलं. धाकटी खोकी मोजत होती. तिने मान वर केली नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. कात्रीने दोन दिवसांची रजा घेतली. आमच्याकडे नियम असा की तपासणाऱ्याने रजेवर जाताना आपला शिक्का स्टोअरमध्ये जमा करायचा. प्रत्येकाच्या शिक्क्याला नंबर. तिचा चार. ती शिक्का देऊन गेली, मी तो खणात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले आणि म्हणाले, चार नंबर द्या. मी दिला. वहीत लिहायला हवं होतं. साहेब म्हणाले, संध्याकाळी परत देतो, कशाला लिहिता, आणि मी पेन खाली ठेवलं. संध्याकाळी शिक्का परत आला. त्याच दिवशी पूर्ण लॉट बाहेर पडला.

रजेवरून आल्यावर कात्रीला कळलं की आता तिला तपासणीचं काम नाही. तिला मागच्या शेडमध्ये रिकामी खोकी मोजायला लावलं. तिने विचारलं, लॉट कुणी पास केला. कुणी सांगितलं नाही. तिने मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय बोललो असतो, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो.

तीन महिन्यांत परत आलेल्या केबलची पहिली पोती आली. मग रोज यायला लागली. मानेत तुटलेल्या, मानेत वितळलेल्या, काहींना लोकांनी चिकटपट्टी गुंडाळलेली, काहींना पेनातली स्प्रिंग चढवलेली. सोबत चिठ्ठ्या. एका नर्सने लिहिलं होतं की फोन रात्रभर लावून ठेवला होता, तो चार्ज झालाच नाही आणि मुलीचा ताप वाढला तेव्हा घरच्यांचा फोन तिला लागला नाही. एकाने फक्त शिव्या लिहिल्या होत्या, पण अक्षर सुरेख होतं. पोती उघडायचं काम कुणाला नको होतं, म्हणून ते कात्रीकडे आलं.

प्रत्येक खोक्यावर चार नंबरचा शिक्का होता.

तिने तो पहिल्याच दिवशी बघितला. मी शेडच्या दारात उभा होतो. तिने खोकं उजेडात धरलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला, आणि बाजूला ठेवून दुसरं उघडलं. मला वाटलं आता ती धावत ऑफिसात जाईल. गेली नाही. पंधरा दिवस ती गप्प राहून केबल चिरत होती, वहीत लिहीत होती, आणि सकाळ-संध्याकाळ बहिणीबरोबर त्याच रस्त्याने येत-जात होती.

पंधरा दिवसांनी मालकांनी बोलावलं. ते महिन्यातून एकदा यायचे, पण त्या दिवशी मुद्दाम आले होते. खोलीत साहेब होते, धाकटी होती, मी होतो. मालकांच्या टेबलावर खोक्यांचा ढीग. साहेबांनी शांतपणे सांगितलं की शिक्का चार नंबरचा आहे, चार नंबर या बाईंचा आहे, आणि चूक कुणाची हे आता वेगळं सांगायला नको.

कात्रीने रजेचा कागद पुढे केला. दवाखान्याचा कागदही होता. मालकांनी तारखा दोनदा वाचल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं, त्या दिवशी शिक्का कुठे होता.

मी साहेबांकडे बघितलं, मग जमिनीकडे. शेवटी म्हणालो, "साहेबांनी मागितला. मी दिला. वहीत लिहिलं नाही."

साहेब म्हणाले, दिला असेल, पण आपण तो पॅकिंगच्या टेबलावर ठेवला होता, पुढे कुणी मारला ते आपल्याला माहीत नाही. ते सांगताना ते धाकटीपासून हातभर अंतरावर उभे होते. धाकटी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"कुणी मारला?" मालकांनी विचारलं.

 कात्री बहिणीकडे बघत होती, आणि मी तिला कुणाकडे इतका वेळ बघताना पाहिलं नव्हतं. मग तिने एक खोकं उचलून मालकांसमोर ठेवलं.

"आकडा डावीकडे कललाय," ती म्हणाली. "सगळ्या खोक्यांवर तसाच. डाव्या हाताने मारलेला आहे. पॅकिंगला डावखुरी एकच आहे. माझी बहीण."

धाकटीने डोळे मिटले. नंतर म्हणाली, तिला साहेबांनी सांगितलं होतं की कात्रीला सगळं मान्य आहे, फक्त ती रजेवर आहे. साहेबांनी नाही म्हटलं. ती पुन्हा म्हणाली, त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. त्यांच्या आवाजात जराही फरक नव्हता.

धाकटीला त्याच दिवशी काढलं. साहेबांनी दोन महिन्यांनी स्वतः राजीनामा दिला आणि दुसऱ्या कारखान्यात आणखी वरच्या जागेवर गेले. मला लेखी ताकीद मिळाली. कात्रीला तपासणीची खोली परत मिळाली, स्टूल मिळालं, जुनी वायर परत सुरू झाली. कारखाना वाचला आणि सगळ्यांची कामं टिकली. तिला धन्यवाद कुणी दिले नाहीत. उलट आधी बायका तिला नुसत्या टाळायच्या, आता ती बाकाजवळून गेली की एकमेकींत कुजबुजायच्या, सख्ख्या बहिणीला सोडलं नाही, आपल्याला काय सोडणार. मीही हेच म्हणायचो, थोड्या मोठ्याने, कारण माझी वही कोरी राहिली होती ही गोष्ट लोकांनी विसरावी असं मला वाटत होतं.

आईने ऑपरेशन केलेल्या डोळ्याने आपलं गाठोडं स्वतः बांधलं आणि ती वर धाकटीकडे राहायला गेली.

धाकटीला पुढे बसथांब्याजवळच्या एका दुकानात काम मिळालं. फोनची कव्हरं, काचा, चार्जर, केबल. मी एकदा केबल घ्यायला गेलो. तिने मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. एक गिऱ्हाईक तुटलेली केबल काउंटरवर आपटून भांडत होतं आणि ती थंडपणे सांगत होती, वायरला धरून ओढली की तुटणारच, प्लगला धरून काढायची. ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली.

"तुम्हाला तरी चालतं का हो तिच्यासोबत काम करायला?" तिने विचारलं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आम्ही एकाच जिन्याने येत-जात होतो. पंधरा दिवस. एकदा मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

हे मी कात्रीला सांगायला नको होतं, पण सांगितलं. खरं तर तिला लागावं म्हणूनच सांगितलं. ती बारा नव्या केबल यंत्रात अडकवत होती. तिने शेवटचं वजन लटकवलं, बटण दाबलं, दिवे लागले का ते पाहिलं.

"मी पंधरा दिवस तेवढ्यासाठीच थांबले होते," ती म्हणाली. "रोज वाटायचं, आज ही बोलेल. त्या दुपारी माझ्या खोलीची कडी कुणी लावली, तेही मला माहीत होतं. ते मी कुणाला सांगितलं का?"

मी नाही म्हणालो. तिने विचारलं, नव्या रिळांचं वजन करून घेतलं का. मी म्हटलं, अजून नाही. "मग इथे काय करताय," ती म्हणाली, आणि दिव्यांकडे तोंड करून बसली.