चुलीकडचा बोल्ट

थोरल्या दिरांचा फोन मला कधी येत नाही. आमच्या खान्देशी घरांत थोरला दीर धाकट्या भावजयीशी कामापुरतंच बोलतो, तेही दुसरीकडे बघून. त्या दुपारी सुरतेजवळ इच्छापोरच्या कॅन्टीनमध्ये मी पोळ्या लाटत होते. मोबाइलवर ‘भाऊ’ असं नाव दिसलं आणि माझ्या हातातलं लाटणं थांबलं. “सुमन, तुनी ताई गई...” एवढंच बोलले. ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. आता काही आठवडे उलटलेत. भेटायला येणारा जो तो म्हणतो, फार साधी बाई होती. मला राग येतो. साधी? त्या बाईने एकदा जे केलं ते मी उभी राहून पाहिलंय आणि अजून त्याचं नवल ओसरलेलं नाही.

ताई लग्न होऊन सुरतेत आली आणि उधन्याच्या लूमच्या कारखान्यात लागली. मागावर नवा बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, चढला की जुन्या तारांना नव्या तारा जोडायच्या, हे तिचं काम. केसासारख्या हजारो तारा; एकेक चिमटीत धरायची, पीळ द्यायची आणि पुढे जायची. मी एकदा डबा द्यायला गेले होते. ही शेजारणीशी गप्पा मारतेय, हसतेय, आणि बोटं आपली चाललीत. पुढे तिची नजर अधू होऊ लागली. डॉक्टरांनी आतली नस सुकल्याचं सांगितलं, उपाय नाही म्हणाले. आधी कडा गेल्या, मग मधलंही धूसर झालं, आणि शेवटी फक्त उजेड-अंधार उरला. कारखाना सुटला.

तेव्हा भाऊंचं गॅरेज उधन्यालाच होतं आणि त्याला लागूनच आम्हा सगळ्यांचं घर. गॅरेजच्या एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला आमच्या स्वयंपाकघराचं दार. मधे जॅक, तापलेलं तेल, जमिनीतला खड्डा. ताई दोनदा तिथे अडखळून पडली. भाऊ हबकले. बायकोवर जीव होता म्हणूनच म्हणाले, “तू गावले जाय. तठे अंगन शे, मायबी शे.” रात्री भांडी घासताना ताई मला म्हणाली, “सुमन, तठे मी बठी बठी मरसू.” पण भाऊंनी ठरवलं होतं. तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

त्याच आठवड्यात बारडोलीच्या एका ऊसवाल्या शेटची गाडी आली. जुनी, परदेशी, ऐटबाज. तिच्या इंजिनावर सुपरचार्जर होता, म्हणजे पट्ट्यावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंप. गाडी वाटेतच उकळली होती. भाऊंनी तपासून सांगितलं, थर्मोस्टॅट अडकलाय. इंजिन तापलं की ही झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. ती उघडतच नव्हती. नवी झडप मिळाली, पण जुनी बसली होती हातभर आत, नेमकी सुपरचार्जरच्या पोटाखाली. तिच्या झाकणाचे दोन बोल्ट वाकून पाहिलं की दिसत होते. तिसरा कुणालाच दिसत नव्हता. सगळा पंप उतरवायचा तर त्याचं पॅकिंग फाटणार, आणि ते पॅकिंग इथे कुठेच मिळेना. भाऊंचा पंजा फावड्याएवढा, तो मनगटाशीच अडला. माझा हात बारीक म्हणून मला बोलावलं. मी घातला, काही कळेना, कातडी सोलली आणि ओरडत बाहेर काढला.

दारात उभी राहून ताई हे सगळं ऐकत होती. “मी दखू का?” म्हणाली. भाऊ नको नको म्हणत असतानाच ती बांगड्या उतरवू लागली. सवाष्णीने रिकामं मनगट ठेवू नये, म्हणून लूमवरचा लाल धागा तिने मनगटाला बांधून घेतला. इंजिन गार झाल्याची खात्री केली, आणि पाना धरलेला हात आत गेला. कोपरापर्यंत गेला.

“डावीकडे सरक,” भाऊ म्हणाले. ती सरकली आणि भलत्याच पाइपची पट्टी ढिली झाली. भसकन पाणी आलं, भाऊंच्या तोंडावर. “डावं म्हनं ना मी!” ते ओरडले. ताईसुद्धा काही कमी नव्हती. “कोनं डावं? मना का गाडीनं?” गाडीचं डावं म्हणजे ड्रायव्हर बसतो तसं, हे तिला कोण सांगणार? समोर उभं राहिलं की सगळंच उलटं. मग तिनेच निकाल लावला. “डावं-उजवं सांगूच नका. चुल्हाकडे का रस्ताकडे, इतलंच सांगा.”

घरात गॅसच होता, पण ती त्याला चूलच म्हणायची. त्यानंतर गॅरेजमध्ये एक वेगळीच भाषा सुरू झाली. “चुल्हाकडे... अजून... थांब.” दोन बोल्ट रस्त्याकडचे, ते निघाले. तिसरा चुलीकडचा. तिचा चेहरा मी विसरणार नाही. मान वर, डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर तेच लूमवरचं हसू, गप्पा मारतानाचं. बोल्ट निघाला, जुनी झडप बाहेर आली, नवी बसली. काढण्यापेक्षा लावणं अवघड होतं, कारण वाकडा आटा धरला तर सगळं मातीत. तिने बोल्ट आधी उलटा फिरवला. आत कुठेतरी टक् झालं, आम्हालाही ऐकू आलं. मग सुलटा. “धरं,” ती म्हणाली, आटा नेमका बसला होता. भाऊंनी विचारलं, तुला कसं कळलं? “तार बोलस, तसा हाऊबी बोलस.” मी नुसती बघत राहिले. देवळात उभं राहिल्यावर होतं तसं झालं मला, आणि हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

पाणी भरलं, इंजिन चालू केलं. आम्ही सगळे तापमानाच्या काट्याकडे बघत होतो. ताई एकटी रेडिएटरच्या पाइपवर तळवा ठेवून उभी होती. पाइप गार होता, गारच होता... आणि मग तिने हात झटकन उचलला. “उघडनं!” काटा मधोमध थांबला होता.

संध्याकाळी भाऊंनी दाराजवळची पिशवी उचलली आणि तिची लुगडी एकेक करून पेटीत परत ठेवली. ताई पलीकडे बसून बांगड्या चढवत होती. पेटीच्या झाकणाचा आवाज तिला ऐकू येत असणारच. गावाचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

पुढे कुठलंही न दिसणारं काम आलं की भाऊ तिला हाक मारायचे. कधी ते स्वतःच हात घालून चिडायचे, तेव्हा ती म्हणायची, “उघडा डोयाले तठे काय दखास? मिटी ल्या ना.” आणि मिटल्यावर खरंच जमायचं.

मग गॅरेज कामरेजला हायवेवर गेलं आणि आम्ही दोघं नवराबायको इच्छापोरला. परवा मी भाऊंना भेटायला गेले. भाऊ खुर्चीवर बसून होते, हातात काम नव्हतं. नांदेडकडचा एक नवा मेकॅनिक, ताई गेल्यानंतर लागलेला, एका गाडीवर वाकला होता. “झालंच मालक,” तो म्हणाला, “फक्त चुलीकडचा राहिलाय. हाताला लागंना.”

मी चमकले. शेडमध्ये चारी बाजूंना पत्रे आणि हायवे. मी विचारलं, “दादा, इथे चूल कुठंय?”

त्याने मान वर करून इकडे-तिकडे पाहिलं. “काय की. जो दिसत नाही त्याला हितं सगळे चुलीकडचाच म्हणतात. का म्हणतात, मला न्हाई ठाव.”

मी भाऊंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी नजर वळवली नाही. डोळे भरून आले होते. मग ते उठले, गाडीपाशी गेले आणि त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आधी डोळे मिट.”

त्याने मिटले, आणि हात आत घातला.