तिसऱ्या ठोक्याचे काका

आमच्या सातपूरच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांच्या कारखान्यातल्या टेस्टिंगवाल्या काकांइतका सावकाश माणूस देवाने दुसरा घडवला नसेल. घडवायला घेतला असेल तर तो अजून पूर्ण झाला नसेल. काकांना काही विचारलं की मनात तीनपर्यंत मोजायचं, मग उत्तर येई. नव्या माणसाला एवढा दम कुठला? तो दोनवरच पुढचा प्रश्न विचारी आणि पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटे. एकदा साहेबांनी घाईघाईत विचारलं, "बोर्ड पास ना?" आणि लगेच, "की भंगारात टाकू?" काका म्हणाले, "हो." पाच धडधाकट बोर्ड भंगारात गेले. दुपारी काकांनी ते स्वतः वेचून आणले, पुसले आणि कुणाला एका शब्दाने बोलले नाहीत.

त्यांची तपासणीही तशीच. प्रत्येक बोर्ड भर दुपारी आवारातल्या एखाद्या मोटरसायकलच्या तापलेल्या सीटवर ठेवून चालवायचा, आणि आपण शेजारी छत्री घेऊन उभं राहायचं. "जिथं माणसाला बसवत नाय तिथं बोर्ड चालला पाहिजे," हा त्यांचा नियम. ज्याची गाडी अडकली तो कामगार शिफ्ट सुटली तरी बिचारा किल्ली फिरवत ताटकळत राही.

मी तेव्हा नवी होते, नोकरी कायम व्हायला महिना उरला होता. कांदा निवडणाऱ्या यंत्राचा प्रोग्रॅम माझ्याकडे आला. कॅमेरा कांद्याचा फोटो काढतो, तो मुख्य चिपच्या बाहेरच्या मेमरीत साठतो, आणि तिथून वाचताना चिपने आपल्या घड्याळाचे ठरावीक ठोके थांबायचं असतं. मी तीनऐवजी दोन लिहिले. यंत्र झपझप चालू लागलं, साहेब खूश. त्या आठवड्यात आभाळ भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही, आणि माल दुसऱ्या दिवशी जायचा. मी काकांना भंडावून सोडलं. सीटवर न तापवता त्यांनी सही केलेला तो एकमेव बोर्ड.

ऊन पडलं आणि विंचूरच्या ज्या कांदा व्यापाऱ्याकडे ते यंत्र गेलं होतं त्याचा फोन आला. साहेब, काका आणि मी तिथे पोचलो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये व्यापारी वैतागून उभा होता. "सकाळी लय भारी चालतं हो मॅडम. दुपारी ह्याला कांदाच वळखू येत नाय!" मुठीएवढे कांदे गोल्टीत, म्हणजे बारक्या मालात पडत होते. काकांनी झाकण उघडून वर्तमानपत्राने बोर्डाला वारा घातला. कांदे आपापल्या जागी पडू लागले. वारा थांबवला, पुन्हा गोल्टीत.

"दोन टाकलेत ना, पोरी?" ते हळूच म्हणाले. "मेमरीला आधी ओळ सांगायची, मग खण सांगायचा, मग थांबायचं. तापली की तिला जरा उशीर होतो. ती फोटो नीट पुढं ठेवायच्या आतच तू उचलती."

मी तिथेच दोनाचे तीन केले. उरलेली दुपार एक कांदा चुकला नाही. पण साहेबांचा आवाज चढला होता. "हा दोन तपासणीतून सुटला कसा?" मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "तपासणी माझी. सही माझी हाय."

काकांची निवृत्ती जवळ आली होती आणि दोन वर्षांची मुदतवाढ जवळजवळ ठरलेली होती. ती मिळाली नाही. सहीची घाई मीच केली होती, हे सांगायला मी साहेबांच्या केबिनकडे निघाले तर काकांनीच अडवलं. "मी रिटायर होणारच होतो. तू आत्ता कुठं लागली. जा, काम कर." मी गेले, याची मला अजून लाज वाटते. माझी नोकरी त्यांच्यामुळे राहिली, हे निदान इथे तरी मोकळेपणाने सांगते.

कायम झाल्याचं पत्र घेऊन मी त्यांच्या घरी गेले. काकांनी चष्मा लावला, नाव, हुद्दा, तारीख सगळं बोट ठेवून तपासलं आणि सवयीने खिशातून पेन काढलं. मग ओशाळून ते परत ठेवू लागले. मी पत्र त्यांच्यापुढे सरकवलं.

"करा ना, काका."

त्यांनी कोपऱ्यात बारीकशी सही केली. ऑफिसात कधी ते पत्र मागितलं तर मी झेरॉक्स देते.