सुपामागची बाई

वाल सोलताना ती हाताकडे कधी बघायची नाही. मोड आलेला दाणा दोन बोटांत धरायचा, हलका चिमटा काढायचा, की दाणा टुणकन ताटात आणि साल मांडीवर. डोळे सगळे टीव्हीवर. त्या दुपारीही तसंच चाललं होतं. माझा एक दाणा सोलून होईपर्यंत तिचे पाच. टीव्हीवर ती जुनी विनोदी मालिका, त्यातला तोच एक भाग, आठवड्यात कितव्यांदा ते मोजणं मी सोडलं होतं. ठरलेली जागा आली की ती मला कोपरानं ढोसायची.

"बघा. आली बघा मी."

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते.

मी तिसरी शिकलेला, मिठागरावर फावडं ओढलेला माणूस. मला सजवून लिहिता येत नाही. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जी एकच गोष्ट वर्षानुवर्षं सांगते आणि सगळे मान डोलावून आपापसांत डोळे मिचकावतात. आमच्या गल्लीत ती बाई म्हणजे माझी बायको.

कर्नाळ्याच्या वाटेवर एक बंगला होता. तिथं ही झाडलोट करायची. बंगल्यात शूटिंगवाले आले. सासरा-जावयाच्या भांडणाची मालिका, रविवारी सकाळी लागायची. एका दिवशी शूटिंगच्या साहेबानं हिला सांगितलं, ओटीवर सूप घेऊन बस, तांदूळ पाखड, कुणाकडे बघू नको, हसू नको. ही बसली. जावई असं काही बोलला की हिला हसू आवरेना. तिनं पदर तोंडात कोंबला. साहेब ओरडला नाही. संध्याकाळी घरी येऊन तिनं सगळं मला करून दाखवलं, पदरासकट.

तो भाग लागला त्या रविवारी सगळी गल्ली शेजारणीच्या घरी जमली. टीव्ही तेव्हा तिच्याकडेच. ही नवं लुगडं नेसून पुढं बसली. ओटी आली, सासरा आला, जावई आला, भांडण झालं, भाग संपला. ही कुठंच नाही.

शेजारीण म्हणाली, "कुठं गो तू? सुपात बसलेलीस काय?"

सगळे हसले. मीपण हसलो. खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो.

ही रडली नाही. टीव्हीकडे बोट दाखवून एवढंच म्हणाली, "मी हाय त्यात. तुमचा डबाच लहान हाय."

तेच वाक्य तिनं पुढची पस्तीस वर्षं धरलं. लग्नात, हळदीकुंकवात, नळावर, कुणी चिडवलं की "डबाच लहान हाय." मिठागर गेलं, घराच्या जागी बिल्डिंग उभी राहिली, आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो, शेजारीण पहिल्या. चिडवणं तेवढं तसंच राहिलं. लग्नकार्यात कुणी फोटो काढायला लागला की शेजारीण ओरडायची, "हिला मधी घ्या रे, नायतर डब्यात मावायची नाय!" मी कधी तिचं तोंड बंद केलं नाही. घरी आल्यावर ही माझ्याशी दोन दिवस बोलायची नाही. मला वाटायचं, खोटं पकडलं गेल्याचा राग.

गेल्या महिन्यात सुनेनं भिंतीवर नवा टीव्ही लावला, दारापेक्षा रुंद. त्यात जुन्या मालिका हव्या तेव्हा बघता येतात म्हणाली. हिनं तिला मालिकेचं नाव सांगितलं. सुनेनं शोधून तो भाग लावला. ओटी आली. पण ओटी आता लांबच लांब होती. डावीकडे शूटिंगवाल्यांतला एक माणूस दिव्याचा खांब धरून उभा. मध्ये सासरा-जावई. आणि उजव्या टोकाला, सूप मांडीवर, पदर तोंडात कोंबून, खांदे हलवत, माझी बायको.

सुनेनं टीव्ही थांबवला. मला समजावलं. तेव्हा ती मालिका सिनेमासारखी रिळावर काढलेली. रीळ रुंद, टीव्ही चौकोनी, म्हणून दोन्ही बाजू कापून दाखवलेल्या. आता टीव्ही रुंद झाले, तर कापलेलं परत जोडलं. त्या खांबवाल्याला बाजूला करायचंही कुणी बघितलं नाही.

ही टीव्हीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"आता हसा," म्हणाली.

मला हसता येईना. मी म्हणालो, "चुकलो मी." लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणालो असेन. तिनं ऐकलं, मान हलवली आणि चपला घातल्या. "थांबा. पहिल्या मजल्यावर जाऊन येते."

शेजारणीचे गुडघे गेलेले, त्यात लिफ्ट बंद. हिनं तिला हाताला धरून दोन जिने चढवून आणलं, पाणी दिलं, खुर्ची दिली आणि भाग लावला.

"अगो बाय! हीच गो ती!"

"सुपात नाय बसलेले. सुपामागं बसलेले."

तीन वेळा दाखवलं. चौथ्या वेळी शेजारणीनंच सांगितलं, परत लाव. मग दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. पुढचा आठवडाभर आमचं दार उघडंच होतं. सुकापुरातली माहेरची, सासरची, दूधवाला, वॉचमन, सगळे येऊन बघून गेले. ही प्रत्येकाला चहा द्यायची. माझी बायको एवढी ताठ बसलेली मी कधी बघितली नव्हती.

आणि मग ती दुपार, वाल सोलायची. दुसऱ्या दिवशी पहाटे मी हाक मारली तर उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेल्या. संध्याकाळच्या आत सगळं उरकलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरात बोलणं निघालं, दिव्यामागं ठेवायला फोटो कुठला. आधार कार्डावरचा काढा म्हणाले. मी सुनेला टीव्ही थांबवायला सांगितलं, तिच्याकडून मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि पनवेलच्या बाजारात गेलो.

फोटो कशाला हवा ते ऐकून फोटोवाला म्हणाला, "सुतकात तुम्ही कशाला आलात, आजोबा? पोराला पाठवायचं."

"नवरा मी आहे."

त्यानं फोटो बघितला. "आजींचा तेवढा कापून मोठा करतो."

"कापायचं नाय."

"अहो, त्या एका टोकाला आहेत. मधी दुसरेच दोघं भांडतायत. आणि हा खांबवाला कोण?"

"तोपण त्या दिवशी तिथं होता. राहू दे त्याला."

मी तिथंच बाकड्यावर बसून राहिलो. दुपार व्हायच्या आत फ्रेम हातात आली, दीड हात उंच, तीन हात रुंद. रिक्षात शिरेना. मग दोन्ही हात फाकवून ती छातीशी धरली, चित्र लोकांच्या बाजूला केलं आणि भर रस्त्यानं सुकापूरला घरापर्यंत चालत आलो.