कुसुमची खडीसाखर

सांगायची लाज वाटते. पण आमच्या अख्ख्या वरवट बकाल गावाला हे ठाऊक आहे, मग तुमच्यापासूनच लपवून काय मिळणार?

कुसुम माझी शेजारीण, एकाच वर्गातली. तिला साखरेचा आजार आहे, रोज सुई घ्यावी लागते. डॉक्टर समजावत होते तेव्हा मीही सोबत होते. "गोड खायचं नाही," एवढं मी नीट ऐकलं. मग त्यांनी सुई काढली. मी डोळे मिटले आणि कानांत बोटं घातली. सुईचा आवाज होत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्याच दिवशी शाळेत कुसुमच्या रुमालाच्या गाठीत काय दिसावं? खडीसाखर! मी ती गुपचूप सोडून घेतली. पुरावा नको, म्हणून खाऊन टाकली.

संध्याकाळी भुलाबाईच्या गाण्यांचा खेळ कुसुमच्या घरी होता. गाणी लांबली, जेवणं राहिली. शेवटी खाऊ ओळखायची वेळ आली. घरची मुलगी म्हणून झाकलेला डबा कुसुमने वाजवायचा. डबा खुळखुळायला लागला तो थांबेचना.

"फुटाणे!"

"शेंगदाणे!"

"काय झ्याक वाजवून राह्यली वं पोरगी!" एक बाई कौतुकाने म्हणाल्या.

मी अगदी जवळ होते. कुसुम घामाने भिजली होती. ती डबा वाजवत नव्हती, तिचे हातच थरथरत होते.

"मले साखर दे," ती पुटपुटली. रुमालाची गाठ चाचपली. रिकामी.

चारचौघांत कधी तोंड न उघडणारी मी ताडकन उठले. "तिले गोड द्याचं नाही!" असं ओरडले, डबा हिसकावला आणि त्याच्यावर बसले.

कुसुमची मान भिंतीवर कलंडली. तिची आई धावत आली.

"रुमालात साखर बांधली होती ना! कुठी गेली?"

"मी खाल्ली, काकू."

"काऊन?"

"तिच्या भल्यासाठी."

काकूने मला उचलून बाजूला ठेवलं आणि डबा उघडला. आत बत्तासे होते. एकेक करून तिने ते कुसुमच्या जिभेवर विरघळवले.

"हात कापले, घाम आला, का आधी साखर अन् मंग जेवण. डाक्टरनं सांगतलं तवा तू तिथीच होती ना वं?"

होते. फक्त कान नव्हते.

हळूहळू कुसुमने डोळे नीट उघडले.

"खाऊ कोणी ओळखला काय?" तिने विचारलं.

आता आम्ही दोघी कुठे निघालो की काकू दारात उभी राहते. कुसुमला विचारते, "साखर घेतली काय वं?"

मग माझ्याकडे वळते. "अन् तू? पोटभर जेवली ना?"