हारलेले कायले नाचते?

ऑलिंपिकचे सामने मी फारसे पाहत नाही, पण समारोप सहसा चुकवत नाही. यंदा मात्र झोप लागली, म्हणून दुसऱ्या दिवशी यवतमाळहून दारव्ह्याला जाताना एसटीत मोबाइलवर पाहत बसलो. शेजारी पन्नाशीच्या एक अनोळखी बाई होत्या. त्यांनी मांडीवरची पिशवी सावरली, चष्मा लावला आणि न विचारताच मान माझ्या मोबाइलवर झुकवली.

सगळ्या देशांचे खेळाडू एकमेकांत मिसळून मैदानात नाचत होते.

"यातले जिंकलेले कोनते?" त्यांनी विचारलं.

"ज्यांच्या गळ्यात पदक आहे ते. बाकीचे हरलेले."

"मंग थे कायले नाचून राह्यले?"

"खेळ संपला ना," मी म्हणालो. "हा समारोप आहे."

मग त्या पदक नसलेले खेळाडू शोधू लागल्या. "हे पाहा, इच्याही गळ्यात नाही," म्हणायच्या आणि खुदकन हसायच्या. थोड्या वेळानं त्यांनी चष्मा काढला.

"सरपंचकीले आम्ही दोघी जावा उभ्या होतो," त्या म्हणाल्या. "धाकटी निवडून आली, मी पडली. चार महिने झाले, बोललो नाही. आमचा समारोपच राह्यला, भाऊ."

बोरी गाव मागं पडल्यावर त्यांनी पिशवीतून फोन काढला.

"सरपंचबाई, चहा मांड. येऊन राह्यली मी."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. बाईंनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"हो वं," त्या म्हणाल्या, "तुह्याच घरी."