संस्थेची उचल

यंदा ऊसतोडीला कोण जाणार आणि कोण गावात राहणार, हे मुकादमाच्या आधी मला कळतं. शिरूर कासारच्या रस्त्याला माझी पिठाची गिरणी आहे. दसऱ्याच्या सुमाराला ज्यांचं पोतंभर दळण येतं, ते जाणार. तिकडं फडावर उतरल्या उतरल्या गिरणी कोण शोधत बसणार? आणि ज्यांचा नेहमीचा डबा येतो, ते राहणार. राहणाऱ्यांत म्हातारी माणसं, शिक्षक आणि मी.

गेल्या दसऱ्याला परमेश्वरचा डबा आला आणि मी गिरणीचा पट्टाच बंद केला. बावीस-तेवीस वर्षांचं हे पोर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तोडकऱ्यांच्या झोपडीत जन्मलं, कोपीवर वाढलं. शाळा केली तीही दरवर्षी अर्धीच. लग्नसुद्धा कोयत्यासाठीच झालं. तोडीच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि एकट्या गड्याला मुकादम पुरती उचल देत नाही. करिष्मा नववीत होती, तिला शाळेतून उठवून याच्याशी लग्न लावून दिलं. तेव्हाही मला राग आला होता, आणि तेव्हाही मला कोणी विचारलं नव्हतं.

उचल म्हणजे काय ते या पोराला चालायच्या आधी कळलं होतं. पैसा आधी हातात येतो, तो खाऊन होतो, मग काम अंगावर पडतं. पैसा आला की बोलावणं येतंच. दुसऱ्या कुठल्या रीतीनं पैसा येतो, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

त्या दसऱ्याआधीच्या उन्हाळ्यात एक संस्था आली. तेजश्री नावाची हसऱ्या तोंडाची पोरगी देवळाच्या मंडपात उभी राहून सांगून गेली, की काही घरांना दोन वर्षं दर महिन्याला खात्यावर पैसे येतील. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात परमेश्वरचं घर निघालं. अट काही नाही, हवे तसे खर्च करा, म्हणाली.

परमेश्वर उठून उभा राहिला. "काम कुटलं हाय?"

"काहीच काम नाही, दादा."

"मंग कधी यायचं?"

"कुठंच यायचं नाही."

तो खाली बसला, पण त्याला काही पटलं नव्हतं. संध्याकाळी नवरा-बायको गिरणीवर आले. मी म्हटलं, "अरे, नशीब काढलंस! फुकटचा पैसा आहे, खा आणि गप बस."

"काकू, फुकट कोन च्या पाजतं का? पाजला तर मागून मत मागतंय. ही तर पैसे द्यायलीय. कावून द्यायलीय?"

मी करिष्माकडं पाहिलं. शिकलेली आहे, तीच समजावून सांगेल. तर ती पिठाच्या डब्याचं झाकण लावत म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं. पैसे घेतल्यावर बोलावनं येनारच."

माझं डोकंच फिरलं. एकाला येड लागलं तर समजू शकते, इथं जोडीनं लागलं होतं.

पैसे येत गेले, खर्च होत गेले. गळक्या पत्र्याची शेड नीट झाली. करिष्माला दिवस गेले होते, तिचा दवाखाना त्यातूनच झाला. आणि जसजसे पैसे खर्च झाले तसतसा परमेश्वर जास्त बांधला गेला. कोयता पाजवून ठेवला. फोन बंद पडू नये म्हणून माझ्या गिरणीवर चार्जिंगला लावायचा. बोलावणं आलं आणि आपण सापडलो नाही, असं व्हायला नको म्हणून बहिणीच्या गावाला जायचंही टाळलं. एकदा त्यानं तेजश्रीलाच फोन लावून विचारलं, "ताई, काम आलं का?" तिला वाटलं, पोरगा नोकरी मागतोय. "सध्या नाही हो दादा," म्हणाली बिचारी.

फोन ठेवून मला म्हणतो, "सध्या न्हाई म्हन्ली. म्हंजे पुढं हाय."

दसऱ्याच्या आधी धर्मराज मुकादम आला. नात्यानं परमेश्वरचा लांबचा मामा. गेल्या हंगामातली सगळी बाकी फिटलेली, तेव्हा नवी उचल द्यायला आला होता. गिरणीपुढं चार माणसं बसलेली होती.

"का बे, तुझं दळन कुटंय? गाडी ठरली की."

"मामा, म्या यंदा दुसरीकडची उचल घेतलीय."

"कुन्या मुकादमाची?"

"बाई हाय. तेजश्री."

माणसं हसून हसून लोळायची बाकी राहिली. "आन फड कुटं हाय तिचा?" धर्मराजनं विचारलं.

"ते अजून सांगितलं न्हाई."

धर्मराज काही मूर्ख नाही. त्यानं आवाज मऊ केला. "लेका, ते पैसे फुकटचे हायत. ते बी घे, माझे बी घे. करिष्माला काय, मोळ्या बांधायला बसून येतंय."

करिष्माचं पोट तेव्हा चांगलं दिसायला लागलं होतं. त्यांचं पहिलं पोर बेळगावकडं फडात झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी गेलं होतं. तिथंच बांधाला पुरून ही दोघं दुपारी परत तोडायला लागली होती. धर्मराजलाही ते ठाऊक होतं. मला त्याच्या अंगावर पीठ उधळावंसं वाटलं.

परमेश्वरचा चेहरा मात्र वेगळ्याच गोष्टीनं उतरला. दोन मुकादमांची उचल घेणारा माणूस आमच्याकडं चोरात जमा. त्यावरून मारामाऱ्या होतात, माणसं उचलून नेतात. "मामा, माझ्या बापानं कधी दोन उचली न्हाई घेतल्या," तो म्हणाला, "मला बी न्हाई जमायचं." धर्मराज बडबडत गेला. दुसऱ्या दिवशी करिष्मा डबा घेऊन दळायला आली.

ट्रॅक्टर गेले, गाव रिकामं झालं. या पोराला गावातला हिवाळाच ठाऊक नव्हता. मिळेल त्या रोजानं कामाला जायचा आणि बाकीचा वेळ पाहुण्यासारखा फिरायचा. स्वतःच्या गावचा हुरडा त्यानं पहिल्यांदा खाल्ला आणि मला विचारलं, "हे दरसाली असतंय का?" एकदा गिरणीच्या पायरीवर बसून म्हणाला, "काकू, मला करमंना. चोरी केल्यागत वाटतंय. ती बोलवीत कावून न्हाई?" मी ओरडले, समजावलं, शेवटी नाद सोडला. खरं सांगायचं तर त्याचा उतरलेला चेहरा बघून माझंही काळीज तुटायचं.

पौषात करिष्मा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मीच सोबत गेले होते. पोरगी झाली, ठणठणीत. डॉक्टरीण म्हणाली, वेळेवर आणलीत म्हणून दोघी वाचल्या. परमेश्वर बाहेर फोन हातात धरून उभा होता.

थंडी सरल्यावर तेजश्री विचारपूस करायला आली. या पैशानं तुमच्यात काय बदल झाला, असं तिला विचारायचं होतं. परमेश्वर कोयता घेऊनच बाहेर आला.

"आता सांगा, ताई. बाळंतीन उठलीय. कुटं यायचं?"

ती घाबरून माझ्याकडं बघायला लागली. मी सगळं उलगडून सांगितलं. तिचे डोळे भरून आले. "दादा, काम नव्हतंच. कधीच नव्हतं. तुम्ही कुणाला बांधलेले नव्हता."

"म्हंजे म्या मामासंगं जाऊ शकत व्हतो?"

"हो."

"मंग म्या थांबलो कशापायी?"

तो अंगणात कोयता हातात धरून उभा राहिला.

मी तणतणत आत गेले. करिष्मा पोरीच्या टाळूवर तेल घालत होती. "तू नववी शिकलेली ना गं? तुलाही कळलं नाही?"

"मला मंडपातच कळलं व्हतं, काकू."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आपुन मोकळे हाव म्हनून कळलं असतं, तर त्यांना मामाला न्हाई म्हनता आलं नसतं. पैसे घेतलेत म्हनूनच ते न्हाई म्हनले. मला हिचं बाळंतपन फडात न्हवतं करायचं." मग हळूच म्हणाली, "सांगू नका त्यांना."

बाहेर तेजश्री गेली होती. परमेश्वर आत आला आणि म्हणाला, "काकू, तुमाला तरी कळलं का, म्या कावून थांबलो?"

"नाही रे बाबा," मी म्हटलं.

पोरगी रडायला लागली. करिष्माचे हात तेलाचे होते. त्यानं कोयता पत्र्याच्या वाशाला खोचला आणि पोरीला मांडीवर घेऊन बसला.