ती तूर आमची आहे

आमच्या शाळेतल्या मुलांचे फोन मुलांचे नसतात. वडिलांचे असतात, काकांचे असतात, एखाद्या घरी थोरल्या भावाचा असतो आणि त्याला हात लावायचा तर आधी त्याची पाच कामं करून द्यावी लागतात. नववीच्या वर्गासाठी मी व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला तेव्हा हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर गटाची वेळ संध्याकाळी सात ते आठ ठेवली. तोवर वडील वावरातून घरी आलेले असतात, हातपाय धुऊन जेवायला बसतात आणि फोन तासभर मोकळा मिळतो. एवढा बारीक विचार केल्याबद्दल मी स्वतःवरच खूश होते. त्या फोनवर फोटो कोणाचा लावलेला आहे, याचा विचार मात्र माझ्या डोक्यात आला नाही.

मी इतिहास-भूगोल शिकवते. वरवट बकालच्या फाट्यावरून आत जाणाऱ्या रस्त्यावरचं एक गाव, तिथलं हायस्कूल आणि शेगावहून रोजची एसटी, यात माझी वीसेक वर्षं गेली. स्वभावानं मी तिरसट आहे. मुलं माझ्या मागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे आणि ते फारसं चुकीचं नाही. गट काढला तोही रागातूनच. वर्गात कोणी काहीही ठोकून द्यायचं आणि कशावरून म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "फोनवर आलं होतं, मॅडम." एक दिवस माझं डोकं फिरलं. म्हटलं, फोनवरच शोधा, फोनवरच भांडा, पण नीट भांडा.

नियम दोनच केले. पहिला, बाजू आपण निवडायची नाही. खडूच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याला जी निघेल ती त्यानं लढवायची, मनातून पटो न पटो. दुसरा, कोणीही कोणाच्याही विधानाखाली 'पुरावा?' असा एकच शब्द लिहू शकतो. मग विधान करणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी सातच्या आत पुरावा द्यायचा, नाहीतर विधान मागे घ्यायचं. हा नियम मलाही लागू आहे, असं मी वर्गात मोठ्या फुशारकीनं सांगितलं होतं. पंधरा दिवसांतच मुलांनी मला पकडलं. गावाचं जुनं नाव अमुक होतं, असं मी सहज लिहून गेले आणि खाली लगेच 'पुरावा?' आला. पुरावा मिळेना. मी विधान मागे घेतलं. दोन दिवस वर्ग असा उंडारला होता की जणू शाळेला सुट्टी लागली.

सुरुवातीचे विषय साधे होते. लग्नात डीजे असावा का, वर्गात मोबाईल आणू द्यावा का. मुलं कायद्याची कलमं शोधून आणायची, बातम्यांची कात्रणं टाकायची, एकमेकांच्या बातम्या किती जुन्या आहेत ते काढायची. मला मनापासून आनंद व्हायचा. एसटीत बसल्या बसल्या मी त्यांचे वाद वाचायची आणि एकटीच हसायची.

मग श्रावणात एका मुलीचे आजोबा वारले. ही मुलगी बौद्ध वस्तीतली, हुशार, बोलायला सपाट. आठवड्यानं शाळेत आली तेव्हा मी सहज चौकशी केली. तिनं जे सांगितलं ते बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. वस्तीची स्मशानभूमी नाल्यापलीकडे आहे. तिथे जायला रस्ता नाही, सगळी वावरंच आहेत. उन्हाळ्यात धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधांवरून, जाता येतं, पण पावसाळ्यात पेरलेल्या वावरातून कोणी जाऊ देत नाही. म्हणून नाल्यातून न्यावं लागलं. पाणी मांड्यांपर्यंत होतं. "खांदेकरी दोनदा घसरले, मॅडम," ती म्हणाली आणि खाली बसली. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "हा विषय घ्या न, मॅडम."

मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. पण मला माझ्या चिठ्ठ्यांचा फार अभिमान होता. वाटलं, बाजू चिठ्ठीनं ठरल्यावर कोणाचं वैयक्तिक असं काही राहतच नाही. विषय फळ्यावर लिहिला: वस्तीच्या स्मशानभूमीला शेतांमधून रस्ता द्यावा की नाही. खोकं फिरवलं. आजोबा गेलेल्या मुलीला चिठ्ठी निघाली 'देऊ नये'. आणि तिच्याच बाकावर बसणाऱ्या, तिच्या जिवलग मैत्रिणीला निघाली 'द्यावा'. ही मैत्रीण गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याची मुलगी. दोघींनी एकमेकींच्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि तोंडावर हात ठेवून हसल्या. मलाही गंमत वाटली. आज त्या हसण्याची आठवण आली की मला स्वतःची चीड येते.

आजोबा गेलेल्या मुलीनं चार शेतकऱ्यांना भेटून माहिती आणली. दोन फूट धुरा सोडला तर पिकाच्या किती ओळी जातात, बैलगाडी फिरली तर बांध कसा फुटतो, सगळं नीट मांडलं. स्वतःच्या आजोबांचा एका शब्दानंही उल्लेख केला नाही. मैत्रीण चार दिवस गप्प होती. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिनं गटावर एक चित्र टाकलं. भूमी अभिलेखच्या साइटवरून आमच्या गावाचा जुना नकाशा तिनं शोधून काढला होता. नकाशावरची तुटक रेघ म्हणजे पायवाट किंवा पांदण, हे मीच भूगोलाच्या तासाला शिकवलं होतं. तशी एक तुटक दुहेरी रेघ वस्तीपासून निघून सरळ स्मशानभूमीपर्यंत गेली होती. त्या रेघेभोवती तिनं लाल गोल केला होता आणि खाली लिहिलं होतं: 'रस्ता नव्यानं द्यायची गरज नाही. तो आहेच. या पांदणीवर सध्या तूर पेरलेली आहे. ती तूर आमची आहे.'

पुरावा कोणी मागायच्या आधीच दिलेला होता. मी तिला अंगठा पाठवला आणि शाबास असंही लिहिलं.

फोन तिच्या वडिलांचा होता. गटावर नाव त्यांचं दिसायचं आणि फोटोही त्यांचाच, कुठल्याशा लग्नात डोक्याला फेटा बांधलेला, प्रसन्न. त्या फेट्याच्या फोटोशेजारी लिहिलेलं होतं की ती तूर आमची आहे. गटात पस्तीस फोन होते, म्हणजे पस्तीस बाप आणि काका होते. त्यातल्या एका काकांनी त्या मजकुराचा स्क्रीनशॉट काढून गावच्या गटावर टाकला. मुलीनं वादासाठी लिहिलं, चिठ्ठी निघाली म्हणून लिहिलं, हे त्या चित्रात कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतली तीन माणसं त्या शेतकऱ्याच्या दारात गेली. त्यात आजोबा गेलेल्या मुलीचे वडील होते. हे मला तिनंच सांगितलं, कारण तीही सोबत गेली होती. भांडायला कोणी गेलं नव्हतं. आभार मानायला गेले होते. "तुमी लय मोठ्या मनानं लिवलं, भाऊ," तिचे वडील म्हणाले. मैत्रिणीच्या वडिलांना काही समजेना. म्हणाले, म्या काय लिवलं? मग यांनी आपल्या फोनवर त्यांना त्यांचाच फोटो आणि खालचा मजकूर दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. घरात चहा सांगितला. चहा होईपर्यंत पावसापाण्याचं बोलले. माणसं गेल्यावर त्यांनी मुलीला बाहेर बोलावलं.

शनिवारी सकाळची शाळा भरल्या भरल्या मला मुख्याध्यापकांनी ऑफिसात बोलावलं. मैत्रिणीचे वडील समोर बसलेले होते, फोटोतल्यापेक्षा बारीक आणि दमलेले. मुलगी बाहेर व्हरांड्यात दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

"मॅडम, म्या रागावलो नाही," ते म्हणाले. "पोरीले बोटही लावलं नाही, इचारा तिले. पण लोक म्हणून राह्यले की माणूस सोताच कबूल झाला. आता म्या काय करू? तिचा दाखला द्या. झालं तेवढं शिक्षण पुरे."

मी चिठ्ठ्यांचं समजावून सांगितलं. खोक्याचं सांगितलं. बोलता बोलता मलाच ते पोरकट वाटायला लागलं. ते शांतपणे ऐकत होते.

"नकाशा तर सरकारी आहे," मी शेवटी म्हणाले.

"असन सरकारी. वावर माह्यं हाये. माह्या बापानं वाहलं, म्या वाहून राह्यलो. पोरीले शाळेत पाठोलं ते काय आपल्याच धुऱ्यावर कुदळ घालाले पाठोलं?"

मुख्याध्यापक भला माणूस, निवृत्तीला आलेला, त्याला कोणाचंच वाईट व्हायला नको होतं. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि मधला मार्ग काढला. म्हणजे तो मार्ग आधीच ठरलेला असावा. मॅडमनी गटावर लिहावं की नकाशातली ती माहिती चुकीची आहे. मग मुलगी शाळेत राहील. वडिलांनी मान हलवली. "त्यायच्या नावानं लिहा म्हणा," ते मुख्याध्यापकांना म्हणाले, जणू मी खोलीत नव्हतेच.

"एका ओळीचा तर प्रश्न आहे, मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले. "पोरगी महत्त्वाची की ओळ?"

मी चिडखोर बाई. एरवी बस पाच मिनिटं उशिरा आली तर कंडक्टरला ऐकवते. त्या दिवशी मी मान वळवून बाहेर पाहिलं. खिडकीतून मला तिची वेणी दिसत होती. ही मुलगी शाळेतून गेली तर परत येणार नाही, हे मी वीस वर्षांत इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यात शंकेला जागाच नव्हती. मी फोन काढला आणि लिहिलं: 'गटावर टाकलेल्या नकाशातील रस्त्याची माहिती चुकीची आहे. त्यावर कोणी विश्वास ठेवू नये.' पाठवलं. त्यांच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढून, डोळ्यांपासून लांब धरून वाचला, परत खिशात ठेवला आणि मला नमस्कार केला. बाहेर जाऊन मुलीला म्हणाले, "जाय वर्गात." आम्हा तिघांपैकी कोणीही तिला आत बोलावून काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. याची मला लाज वाटते.

सोमवारी ती आली. बाकावर तिच्या शेजारी ती दुसरी, आजोबा गेलेली, होतीच. मधल्या सुट्टीत दुसरी एकटीच माझ्याकडे आली. "मॅडम, मंग म्या जिंकली का?" तिनं विचारलं. तिच्या चिठ्ठीवर 'देऊ नये' होतं, आणि समोरचीचा पुरावा मी खोटा ठरवला होता. म्हणजे नियमानं तीच जिंकली होती. तिच्या आवाजात टोमणा होता की खरंच प्रश्न होता, मला आजवर कळलेलं नाही. मी म्हणाले, घंटा झाली, वर्गात जा. घंटा झालेली नव्हती.

पुढे गट चालला तो नावाला. मी पुन्हा एकदा खोकं फिरवून पाहिलं, विषय मुद्दाम मिळमिळीत घेतला, आणि दोन्ही बाजूंच्या मुलांनी 'मी सहमत आहे' एवढंच लिहिलं. मग मीच चिठ्ठ्या काढणं बंद केलं. वस्तीतल्या लोकांनी रस्त्यासाठी तहसीलला अर्ज केला. पुढच्या पावसाळ्यात मला फाट्यावर आजोबा गेलेल्या मुलीचे वडील भेटले. कसं काय चाललंय वगैरे झाल्यावर म्हणाले, "आमच्या अर्जाच्या उत्तराले त्या तूरवाल्या भाऊनं तुमचा मेसेज जोडला, मॅडम. छापून." राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. राग असता तर मला बरं वाटलं असतं. बस आली आणि मी चढले.

मुली दहावीला गेल्या, परीक्षा दिली, निकाल लागला. दोघी चांगल्या मार्कांनी पास झाल्या. दाखला न्यायला ती शेतकऱ्याची मुलगी वडिलांबरोबर आली. खामगावच्या कॉलेजात अकरावीला नाव घालणार होते, राहायला आत्याकडे. वडील खुशीत होते. "तुमच्यामुळं शिकली, मॅडम," म्हणत त्यांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला. मी पेढा घेतला आणि खाल्ला. ती बाजूला उभी होती, दाखला दोन्ही हातांनी धरून. तो तिनं वडिलांच्या हातात दिला नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी घरी भाजी निवडत बसले होते. सात वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. वर्षभर मुका असलेला तो गट वर आला होता. फेट्यातला प्रसन्न फोटो. कोणीतरी शोधत शोधत इतकं मागे जाऊन माझा जुना मेसेज काढला होता, नकाशातली माहिती चुकीची आहे असं सांगणारा, आणि त्याच्या खाली एकच शब्द लिहिला होता.

पुरावा?

फोटोतल्या माणसाला आमचे नियम माहीत नव्हते. त्या घरात ते माहीत असलेलं माणूस एकच होतं, आणि त्याचा दाखला आता त्याच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी सातपर्यंत मला मुदत होती. पुरावा द्यायचा, नाहीतर विधान मागे घ्यायचं. मागे घेतलं तर तिला खामगावला जाऊ देतील की नाही, हे मला ठरवता येईना. मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. सात वाजले तेव्हा फोन हातातच होता. आता ती खामगावला बारावीला आहे. ते विधान अजून गटावर माझ्या नावानं तसंच आहे.